काढ्याचं मडकं

पाचव्या महिन्याच्या पाचव्या दिवशी डोंगरावरचं कुठलंही गवत औषध असतं, असं आमच्याकडे म्हणतात. त्या दिवशी भर दुपारी कापलेला पाला वर्षभर कामाला येतो. आदल्या दिवशी कापलेला तोच पाला म्हशीपुढं टाकायचा. त्यामुळे त्या दुपारी गावात माणूस सापडत नाही. ज्याला पोटदुखी आणि भूक यातला फरक कळत नाही, तोही विळा घेऊन डोंगरावर असतो.

सुयुन दरसालच्या त्या घोळक्यात सगळ्यांच्या पुढं असायची. तिच्या माळ्यावर नागदवण्याच्या पेंढ्या, लोकाटाची पानं, सुतळीत ओवलेल्या संत्र्याच्या जुन्या साली, वाळवलेलं आलं, माशाचा वास मारणारी ती मुळं, सगळं टांगलेलं असे. कुणाच्या पोराला कफ झाला, कुणाचं पोट फुगलं, कुणाला भाताच्या चिखलानं पायाला चिखल्या झाल्या, की माणूस आधी सुयुनच्या ओट्यावर यायचा आणि मग दवाखान्याचा विचार करायचा. जाताना दोन अंडी ठेवायचा.

यंदा ती गेली नाही. उंबऱ्यावर बसून तिनं गेल्या सालच्या शेंगा सोलल्या. दुपार टळल्यावर नवरा वेनफू सणाला दाराला लावतात त्या नागदवण्याच्या दोन काड्या घेऊन आला.

"दाराला लावू?"

"लावा."

त्यानं लावल्या. मागं सरून सरळ दिसतात का पाहिलं. सुयुननं पाहिलं नाही. नवराबायकोचं त्या दिवशीचं बोलणं तेवढंच झालं, आणि अलीकडच्या मानानं ते बरंच होतं.

त्यांची पोर मानमान पहिल्या महिन्यात गेली. तीन वर्षांची होती. आधी खोकला, मग ताप, मग श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जायची. सुयुननं माळ्यावरचं एकेक करून सगळं उतरवलं. मग बाजारगावच्या दवाखान्यात नेलं, तिथं सुया टोचल्या, आणि तिथून परत आणताना वाटेतच वेनफूच्या पाठीवर पोर गार झाली. तो चालत राहिला. सुयुन मागून चालत होती, तिला कळलं होतं, तीही चालत राहिली. घरी आल्यावर चुलीजवळ काढ्याचं मडकं तसंच होतं, तळाशी बोटभर काढा. तो तिनं ओतून दिला, मडकं धुतलं आणि चुलीच्या कडेला पालथं घातलं. तेव्हापासून तिला कशाचंच काही वाटेनासं झालं होतं. जेवायची, भांडी घासायची, शेतावर जायची. लोक म्हणाले, बरं सावरलं हो पोरीनं.

ते मडकं तिच्या सासऱ्याचं. काळं, बाजूला दांडी आणि पुढं तोटी. असलं मडकं हौसेनं कुणी विकत घेत नाही. भावकीत एखादं असतं आणि तेच सगळ्यांत फिरतं. सासरा गेल्यावर दोघा भावांच्या वाटण्या झाल्या, तेव्हा रांजण वाटले, बाकडी वाटली, एक शिडी होती तिच्यावरून चार दिवस अबोला झाला. मडक्याचं नाव कुणी काढलं नाही. आजार माझ्या वाटणीला द्या, असं कोण म्हणणार? रीत अशी, की मडकं शेवटचं जिथं उकळलं तिथंच राहतं. ज्याला लागेल त्यानं स्वतः येऊन न्यायचं. दुसऱ्याच्या दारी ते कुणी नेऊन द्यायचं नाही, परत करायलाही नाही. काढ्याचं मडकं दारात आणून ठेवणाऱ्यापेक्षा शवपेटी आणून ठेवणारा बरा. पेटी माणूस जिवंतपणीच करून ठेवतो, आज ना उद्या ती उपयोगी तरी पडते.

तर मडकं सुयुनच्या चुलीकडेला होतं, आणि खोकला फळीच्या भिंतीपलीकडं होता.

पलीकडं थोरला दीर वेनलाय आणि थोरली जाऊ लीच्यू. त्यांची दोन्ही पोरं दक्षिणेकडं कारखान्यात. थोरल्याचं शेत वरच्या पायरीवर, धाकट्याचं खालच्या. ओढ्याचं पाणी वरच्या शेतातून बांधाच्या तोंडानं खाली उतरतं. यंदा चौथ्या महिन्यात पावसानं दडी मारली. रोपं हातभर झाली तरी खालच्या शेताला भेगा. लीच्यूनं बांधाचं तोंड चिखलानं लिंपून टाकलं होतं. वेनफू कुदळ घेऊन गेला तेव्हा ती बांधावर उभी राहिली आणि तिच्या तोंडून जे निघायचं ते निघालं.

"तुमच्या शेताला पानी हवंच कशाला? पिकवून खानार कोन हाय? तोंडं दोनच की."

सुयुन दहा पावलांवर रोपांच्या जुड्या बांधत होती. तिनं ते ऐकलं. ती जुडी बांधून तिनं दुसरी घेतली. पण वेनफू वहिनीच्या अंगावर धावला. थोरला मधे पडला, आणि वेनफूनं त्यालाच ढकललं. थोरला पाटाच्या गार पाण्यात पाठीवर पडला. जरा वेळ तसाच पडून राहिला. मग उठला, नाकातोंडातलं पाणी पुसलं, आणि गुडघ्यावर बसून हातानं बांधाचं तोंड मोकळं केलं. पाणी खाली गेलं. तो निथळत घरी गेला. त्या रात्री त्याला थंडी भरली, आणि खोकला तेव्हापासूनचा.

बाजारगावच्या दवाखान्यात सुया झाल्या, ताप उतरला. डॉक्टर म्हणाले, छातीत आता काही नाही, आराम करा, घरचा काढा घ्या, पुन्हा ताप आला तर मात्र थेट जिल्ह्याला. ताप आला नाही. पण खोकला काही थोरल्याला सोडीना. महिनाभरात तो इतका वाळला, की ओसरीत बसला तर खुंटीला सदरा टांगल्यासारखा दिसायचा.

खोकल्याची उबळ आली की वेनफू भाताचा वाडगा घेऊन अंगणात जायचा. तिकडं उभ्यानं जेवायचा. एकदा आत आला तो चुलीपाशी थांबला.

"ते द्यावं का न्हेऊन?" तो म्हणाला.

"काय?"

"काय न्हाई."

सण सरला आणि भाताची पहिली बेणणी आली. आमच्याकडे बेणणी पायानं करतात. काठीवर भार द्यायचा, रोपांच्या रांगेत उभं राहायचं आणि एकेका पायानं तण चिखलात दाबत पुढं सरकायचं. कमरेला बरं पडतं, पण पिंढऱ्यांना जळवा लागतात. सुयुन सकाळपासून ओळीत होती. जळू लागली की ती खाली बघायची, ओढून काढायची आणि पुढचा पाय टाकायची.

शेजारच्या शेतात तांगमावशी होती. सत्तरी उलटलेली, दात दोन, पण गावातली कुठलीही बातमी चावून खायला तेवढे पुरत.

"वरच्या शेताला कोन हाय गं आज?" मावशीनं विचारलं. तिला दिसत होतं.

"थोरल्या जाऊबाई."

"एकलीच. बगितलंस तिचं? निम्मी रोपंच दाबत चाललीया तणासंगं. दादला खोकतोय, पोरं परमुलखात. लोखंडी कढईत काढा उकळतीया म्हनं."

सुयुननं काठी पुढं रोवली.

"लोखंडात काढा काळा पडतो, गुन जातो. तिला काय ठावं न्हाई व्हय? पर मडकं मागाया यायचं म्हंजी तोंड पायजे. त्या तोंडानं त्या दिशी काय काय वकलं ते आख्ख्या खोऱ्यानं ऐकलंय." मावशी थांबली, जळू काढली, ठेचली. "तू न्हेऊन देऊ नगंस हां पोरी. सांगून ठिवते. उद्या त्याचं काय बरंवाईट झालं, तर गाव म्हनंल, धाकटीनं पोरीचा मरनकाढा दिराच्या दारात न्हेऊन ठिवला."

"मी कुटं न्हेतीया."

"न्हाई, आपलं सांगितलं."

त्याच संध्याकाळी लीच्यू आली. महिनाभरात पहिल्यांदा अंगणाच्या मधल्या नालीच्या अलीकडं तिचं पाऊल पडलं. सुयुन डुकरासाठी पाला चिरत होती. लीच्यूचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलाचे, केस कपाळाला चिकटलेले. एकेकाळी ही बाई ओरडली की डोंगरापलीकडचं कुत्रं भुंकायचं. आता ती दारापाशी येऊन उभी राहिली आणि आत चुलीकडं बघू लागली. मडकं तिथून दिसत होतं.

"माझी तांबडी कोंबडी आली का गं हिकडं?"

"न्हाई."

"मला वाटलं, आली."

"न्हाई आली."

लीच्यू उभीच. नजर मडक्यावर. सुयुननं एक शब्द बोलायचा होता, की घ्या, न्या. पण तसं म्हणणं म्हणजेसुद्धा देणंच होतं, आणि खरं सांगायचं तर तिच्या जिभेवर काही आलंच नाही. ती पाला चिरत राहिली. तेवढ्यात लीच्यूची तांबडी कोंबडी लीच्यूच्याच परसातून कॅं कॅं करत बाहेर आली. दोघींनी तिच्याकडं पाहिलं.

"ही बग रांड," लीच्यू म्हणाली, आणि नाली ओलांडून परत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फळीच्या फटीतून वास आला. लोखंडात शिजलेला, तुरट, गंजासारखा. त्यात लोकाटाची पानं होती. सुयुनच्या हातातली पळी थांबली. लोकाटाच्या पानाला मागच्या बाजूनं लव असते. ती घासून काढल्याशिवाय पान उकळलं तर ती लव घशाला चिकटते आणि माणूस होता त्याच्या दुप्पट खोकतो. जरा वेळानं पलीकडं थोरल्यानं काढा घेतला असावा, कारण जी उबळ सुरू झाली ती थांबेना. खोकून खोकून शेवटी नुसता आवाज उरला, एखादं कोरडं दार ओढल्यासारखा.

सुयुनला दया आली असं म्हणणं खोटं होईल. तो आवाज तिच्या ओळखीचा होता. तो बंद व्हायला हवा होता, इतकंच तिला वाटलं.

ती शिडी लावून माळ्यावर चढली. पहिल्या महिन्यानंतर पहिल्यांदाच. लोकाटाची पानं उतरवली, ओट्यावर बसून ओल्या फडक्यानं एकेक पान घासलं, उलटं धरून उन्हात बघितलं आणि पुन्हा घासलं. चार साली संत्र्याच्या, आल्याचा तुकडा, ज्येष्ठमधाच्या दोन काड्या, सगळं फडक्यात बांधून घेतलं. मग मडकं उचललं. उन्हं चांगली वर आली होती, वाटेनं माणसं शेताला निघाली होती. तांगमावशी काठी टेकत जात होती ती थांबली. सुयुन सगळ्यांच्या देखत अंगणातली नाली ओलांडून थोरल्याच्या दारात गेली.

लीच्यू दारात आली. मडकं बघून तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"काय आनलंस हे? आं? माझ्या दारात? एवढा दावा धरलास?"

"तुमच्यासाठी न्हाई आनलं, आक्का. माझ्यासाठी आनलंय. माझी चूल धुपतीया, धुराडं तुंबलंय. तुमच्या चुलीवर माझा काढा उकळून घेते."

"तुझा काढा?"

"मी आजारी हाय."

लीच्यूनं तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. वाटेवर माणसं उभी होती.

"काय झालंय तुला?"

सुयुननं घरून निघताना काहीतरी ठरवलं होतं, पोट म्हणून की पाठ म्हणून. ते आता तिला आठवेना. "झोप न्हाई," ती म्हणाली. "तोंडाला चव न्हाई. जळू चावली तर डोळ्याला दिसती, पायाला कळत न्हाई. कोन बोललं तर लांबनं बोलल्यागत वाटतं. तुमी त्या दिशी शेतावर बोललात, तेबी मला लागलं न्हाई."

"कवापास्नं?"

"पयल्या म्हयन्यापास्नं."

हे सगळं खरं होतं. बोलून झाल्यावर तिलाच नवल वाटलं, की यातलं काहीच रचावं लागलं नाही.

लीच्यू दारातून बाजूला झाली.

आत थोरला भिंतीला टेकून बसला होता. सुयुनला बघून त्यानं उठायचा प्रयत्न केला, तोच उबळ आली. त्यानं हातानंच बस म्हणून खूण केली. कढई चुलीवर तशीच होती, काळ्या पाण्यात लवेसकट पानं. सुयुननं ती उतरवून बाजूला ठेवली. मडक्यात पाणी घातलं, पाला घातला. लीच्यू फुंकणीनं जाळ करू लागली. धूर तिच्या डोळ्यांत गेला असावा. ती बराच वेळ वर बघेना.

"माझ्या तोंडाला काय आग लागली हुती त्या दिशी," ती जाळाकडं बघत म्हणाली. "त्या पोरीला मी अंगाखांद्यावर..."

"जाळ बारीक करा, आक्का. उतू जाईल."

लीच्यूनं एक लाकूड मागं ओढलं.

काढा आटला तशी सुयुननं तो वाडग्यात ओतला आणि दाराशी, उजेडात उभी राहून प्याली. वाटेवरची माणसं बघत होती; त्यांनी नीट बघावं म्हणूनच ती तिथं उभी होती. शेवटच्या थेंबापर्यंत प्याली, वाडगा पालथा करून झटकला. मग आत येऊन मडक्यात पुन्हा पाणी घातलं. एकच पाला दोनदा उकळतात आणि दुसरं पाणी पहिल्याइतकंच चालतं, हे लीच्यूला काही शिकवायला नको होतं.

"दुसरं पानी मला सोसत न्हाई," सुयुन म्हणाली. "जड पडतं. तुमी बघा काय करायचं ते. टाकून द्या न्हाईतर..."

"मडकं?"

"मडकं कुटं जातंय. मला लागंल तवा मी येईन."

लीच्यूनं मान हलवली. थोरल्यानं भिंतीशी डोळे मिटून घेतले होते. तो म्हणाला, "वेनफूच्या शेताला पानी नीट मिळतंय का गं?"

"मिळतंय, भावजी."

ती घरी आली आणि दुपारी बेणणीला गेली. बातमी तिच्या आधी शेतावर पोचली होती. तांगमावशीनं तिला ओळीत उतरताना पाहिलं आणि नुसतीच म्हणाली, "आजारी हाईस म्हनं."

"व्हय."

"मला ठावं हुतं," मावशी म्हणाली आणि काठी पुढं रोवली.

संध्याकाळी लीच्यूनं चोथा ओतला. काढ्याचा चोथा आमच्याकडे उकिरड्यावर टाकत नाहीत, वाटेवर मधोमध ओततात. जाणाऱ्यायेणाऱ्या कुणाचा पाय त्यावर पडला, की आजार त्याच्या पायाबरोबर निघून जातो आणि रोगी मोकळा होतो. अडचण एवढीच, की हे सगळ्यांनाच माहीत आहे. त्यामुळे लोक चोथा बघून अशा उड्या मारतात की जत्रेतल्या डोंबाऱ्यानं बघत राहावं, आणि आमच्या गावातले आजार सहसा गावाबाहेर जात नाहीत.

लीच्यूनं तो दोन्ही घरांपुढच्या वाटेवर ओतला. ओला, काळपट ढीग. शेतावरनं माणसं परतत होती. एकानं बांधावरून वळसा घातला. एका बाईनं कडेवरचं पोर छातीशी घट्ट धरलं आणि गवतातून गेली. तांगमावशी काठीनं चाचपत कडेकडेनं गेली, आणि काठीचं टोकसुद्धा गवताला पुसून घेतलं. सुयुन उंबऱ्यावर बसून बघत होती. पलीकडं लीच्यू रिकामं मडकं हातात धरून दारात उभी होती. दोघी एकमेकींकडं बघत नव्हत्या.

मग वेनफू आला. खांद्यावर कावड, तिला खताच्या रिकाम्या बादल्या. बायको थोरल्याकडं मडकं घेऊन गेली हे त्याला दिवसभरात चार जणांनी सांगितलं होतं, आणि प्रत्येकानं वेगळं. तो चोथ्यापाशी थांबला.

"कुनाचा?" त्यानं विचारलं.

"पयलं पानी मी प्याले," सुयुन म्हणाली. "दुसरं भावजी."

आत थोरला खोकला. काढा असा पहिल्या दिवसात काही करत नाही, खोकला तसाच होता. वेनफूनं तो ऐकला. यावेळी तो कुठं गेला नाही. त्यानं कावड खाली ठेवली. प्लास्टिकच्या चपला काढून एका बाजूला सारल्या. मग उजवा पाय उचलून चोथ्यावर ठेवला, डावा ठेवला, आणि बेणणीला उतरल्यासारखा एकेक पाय दाबत राहिला. पानं त्याच्या बोटांच्या मधून वर यायची, ती तो पुन्हा खाली दाबायचा. वाटेवरची माणसं जागच्या जागी उभी राहिली. सगळा चोथा वाटेच्या मातीत मिसळून गेला तेव्हा तो थांबला.

"वैनी," तो म्हणाला, "दादाला सांगा, तुडिवला म्हून."

लीच्यूनं मान हलवली.

वेनफूनं कावड उचलली, चपला हातात घेतल्या आणि तसाच काळ्या पायांनी अंगणात आला. सुयुन उठली. त्याचे पाय घोट्यापर्यंत माखले होते, टाचेची भेग ओली होती, तिच्यात पाल्याचा तुकडा अडकला होता. तिनं घाईघाईनं रांजणातून तांब्या भरला. निम्मं पाणी वाटेतच सांडलं.

"आदी पाय धुवा," ती म्हणाली. आवाज फार मोठा निघाला. "धुवा म्हनते ना."

"धुऊन काय उपेग? धुतला तर आजार परत दादाकडंच जाईल की."

"अवो, धुवा."

पहिल्या महिन्यापासून आज पहिल्यांदाच सुयुनला भीती वाटत होती. हा माणूस खोकायला लागला तर, वाळायला लागला तर, याच्या बरगड्यांत कातडी ओढली गेली तर. ती वाकून त्याच्या पायावर पाणी ओतू लागली. तो पाय मागं घेत होता आणि ती ओतत होती.